डाव्या बाजूचा आरसा

४ जानेवारी

घारे,

तुला आजीचे ओंजळभर आशीर्वाद. लिहिणाऱ्याचा काही निरोप नाही, असं लिहिणाऱ्याने लिहायला सांगितलंय.

लिहिणारा कोण ते अक्षरावरून ओळखलंच असशील. तुझा बाप. मला अक्षरओळख नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि तू निम्मं सांगत नाहीस, म्हणून म्हटलं, पत्रच बरं. याला म्हटलं, अरे, तुझ्या लेकीला पत्र लिहायचंय. तर म्हणतो, "मी लिहिणार नाही." म्हटलं, तू कुठे लिहितोयस? लिहितेय मी. तुझा नुसता हात हवाय. तेव्हा कुठे बूड टेकवलं त्याने खुर्चीला.

तू याला डोळ्यांच्या मशीनपाशी बसवून जे दिसलं ते कागदावर लिहिलंस, त्या कागदापायी याचं गाडी चालवायचं लायसन गेलं, हा दारात उभा राहून तुला नको ते बोलला, आणि तू बॅग उचलून त्या लांबच्या इस्पितळात नोकरी धरलीस. "हे तिघांनाही ठाऊक आहे, परत कशाला लिहायचं?" असं आत्ता तो म्हणाला. मी म्हटलं, लिही. पत्र माझं आहे.

पेन थांबलं होतं. आता चाललंय.

तर सांगायचं ते असं, की तुझा बाप हल्ली भिंतीकडे तोंड करून झोपत नाही. तू गेल्यावर पलंगाला असा चिकटला होता, की मला वाटलं आता चादरीबरोबर यालाही वाळत घालावं लागणार. (पाठ दुखत होती. – लिहिणारा) ज्या काचवाल्याकडे हा गाडी चालवायचा, त्या मालकाने कामावरून निरोप देताना एक खोका दिला होता. वर पिकअप गाडीचं चित्र, आत प्लास्टिकच्या जाळ्या, आणि जाळ्यांना वेलीला शेंगा लागाव्यात तसे गाडीचे बारके बारके भाग. कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. खऱ्या गाडीपेक्षा चोवीस पट लहान. हा असा भडकला! "गाडी काढून घेतली आणि खेळणं हातात दिलं!" खोका गेला पलंगाखाली.

मग एका दुपारी बघते, तर हा जमिनीवर पालथा, चित्रांचा कागद समोर, आणि ओठ हलतायत. म्हटलं, उद्या परीक्षा आहे का रे? याने नुसता कागद उलटला. संध्याकाळी चहाला हाक मारली, तेव्हा म्हणतो, "थांब आई, पाटे बसवतोय."

घारे, पाटे म्हणजे चाकावरचे, गाडीला हिसका बसू नये म्हणून असतात ते. माझ्या करंगळीच्या नखाएवढे! ते त्याने दात कोरायच्या काडीच्या टोकाला डिंकाचा थेंब घेऊन बसवले, श्वास धरून. ज्या माणसाने जन्मात कधी भाजी नीट निवडली नाही, निम्मे देठ माझ्या पानात यायचे, तो माणूस प्लास्टिकला राहिलेलं मोहरीएवढं बोंड पॉलिश पेपरने घासत बसतो, आणि मग डोळे मिटून त्यावर बोट फिरवतो. बोटाला लागलं की परत घासतो. मी समोर बसून सुपारी चघळते आणि बघते. असा तमाशा घरबसल्या कुणाला मिळतो?

मी म्हटलं, लिही, तुझा बाप गुणी आहे. म्हणाला, "हे मी नाही लिहिणार." मग लिही, हट्टी आहे. "हेही नाही." म्हटलं, मग काय लिहितोस, उंची?

तिकडे थंडी असेल, गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. डोळ्यात घालायच्या थेंबांबद्दल तू विचारलं होतंस. थेंबांचं लिहायचं नाही, असं म्हणतोय. म्हणजे काय ते तूच समज.

तुझी आजी

२७ जानेवारी

घारे,

तुझं पत्र पोचलं. वरच्या मजल्यावर कपडे शिवणारी बाई आहे ना, जिला मी शिवणताई म्हणते, तिने वाचून दाखवलं. तुझा बाप तेव्हा मुद्दाम अंघोळीला गेला आणि अर्धा तास पाण्याचा आवाज नाही. दाराला कान लावून उभा असणार.

तू लिहिलंस, बाबा कंसात बोलले. मी शिवणताईला विचारलं, कंस म्हणजे काय गं? तिने हवेत बोटाने दोन वाकड्या रेघा काढून दाखवल्या. आता कळलं! म्हणजे मी सांगते एक आणि हा मध्येच कुंपण घालून त्यात आपलं बसवतो. वा रे पठ्ठे. पण म्हटलं, असू दे. कुंपणात बसून का होईना, लेकीशी बोलला तरी.

(एकच वाक्य होतं. – लिहिणारा)

बघ, आत्ता पेन जरा जास्त चाललं. मी काही बोलत नव्हते आणि पेन चालत होतं.

आता खरी बातमी. पहिली गाडी झाली, दुकानातून नवा खोका आणून दुसरीही झाली, आणि दोन्ही देऊन टाकल्या. एक मालकाला, एक शिवणताईच्या शोकेसला. आता तिसरी चालू आहे, आणि ही आपली आहे. आपली म्हणजे आपलीच, ज्या पिकअपमधून याने जन्मभर काचा वाहिल्या ती. खोक्यावरच्या चित्रात गाडी लालभडक, नवरीसारखी. हा म्हणाला, "असली गाडी कुणी चालवत नाही, पुसतच बसतात."

रंगासाठी चार दिवस घालवले. निळ्यात पांढरा घाल, करडा घाल, पुन्हा निळा. मी म्हटलं, निळा झालाय की. तर म्हणाला, "हा दुकानातला निळा आहे आई. मला उन्हात उभा राहिलेला निळा हवाय." आणि जमला गं! टपावर फिका, दारांवर जरा गडद, आणि दाराच्या कडीपाशी, जिथे त्याचा अंगठा पडायचा, तिथे रंग उडून खालचं दिसतंय. मी गाडी हातात घेतली आणि माझा अंगठा आपोआप तिथे गेला.

मागच्या हौद्यात काचा उभ्या ठेवायची तिरकी चौकट असायची ना, ती आइस्क्रीमच्या काड्यांची केलीय. काचेला ओरखडा पडू नये म्हणून चौकटीला मऊ पट्टी असायची, तर त्यासाठी त्याने स्वतःचा धड असलेला मोजा कापला. दुसरा मोजा आता एकटाच फिरतो घरात. काचा केल्या शिवणताईकडच्या शर्टाच्या खोक्यांवरच्या पारदर्शक कागदाच्या. आणि घारे, ड्रायव्हरची सीट! ती जिथे फाटली होती तिथेच फाडली, आत कापूस घातला, आणि जी स्प्रिंग याला इतकी वर्षं टोचली, ज्यापायी रोज रात्री घरी येऊन कंबर धरून तिला शिव्या द्यायचा, तीसुद्धा केली, बारीक तारेची. म्हटलं, निदान या गाडीला तरी गादी नीट कर की. म्हणाला, "मग ती आपली कशी होईल?"

मागच्या कोपऱ्याला एक खड्डा पाडलाय, गरम चमच्याची कड दाबून. तो खड्डा कुणाचा ते तुला सांगायला नको. रिव्हर्स शिकत होतीस आणि खांब मध्ये आला. मालकाला तेव्हा याने सांगितलं होतं, माझ्याकडून ठोकली गेली. म्हटलं, हा कशाला रे घातलास? म्हणाला, "होता म्हणून."

(खड्डा उजव्या कोपऱ्याला आहे. जागा बरोबर आहे. ती विचारेल म्हणून लिहिलं. – लिहिणारा)

एकच अडचण झालीय. डाव्या बाजूचा आरसा खोक्यात आलाच नाही. कंपनीने एक भाग कमी पाठवला म्हणून याने दुकानाला फोन करून चांगलं झापलं. त्यांनी बिचाऱ्यांनी दुसरा पाठवला. तर आता म्हणे तोही कुठे गेला, आणि एक वायपरही नाही, आणि मागच्या फाळक्याची, म्हणजे हौद्याच्या दाराची, कडी नाही. हा म्हणतो, सगळे चोर आहेत. मी हो म्हणते.

बाकी ठीक. रात्री लवकर झोपत जा. इतरांचे डोळे तपासता तपासता स्वतःचे लाल करू नकोस.

तुझी आजी

९ फेब्रुवारी

घारे,

अक्षर वेगळं बघून घाबरू नकोस. आज शिवणताई लिहितेय. तुझा बाप रंग आणायला गेलाय आणि दुकानदाराशी वाद घातल्याशिवाय परत यायचा नाही, म्हणजे वेळ आहे. शिवणताई म्हणते, "आजी, हळू बोला, माझा हात मशीनला सरावलाय, पेनाला नाही." म्हणून हळू सांगतेय. हे पत्र त्याच्या हातून लिहून घेण्यासारखं नव्हतं.

कंपनीने काही कमी पाठवलेलं नाही, पोरी.

तो आरसा मला सापडला. टेबलावरच होता. तो ज्या लाकडी पाटीवर काम करतो, तिच्या डाव्या कडेला, त्याच्या कोपराजवळ, उघड्यावर. पांढऱ्या कागदावर काळा आरसा. माझी नजर म्हणजे आंधळी कोशिंबीर, तरी मला दिसला, आणि ज्या माणसाला मोहरीएवढं बोंड दिसतं त्याला तो दिसला नाही. मी उचलला आणि काही बोलले नाही. मग वायपर, तोही डावीकडेच. कडीही. दुसरा आरसाही. रंगाची बाटली दोनदा सांडली, दोन्ही वेळा डाव्या हाताला. समोर ठेवलेलं सगळं दिसतं त्याला, उजवीकडचंही दिसतं. डावीकडचं जणू घरातच नाही.

तू तेव्हा सांगत होतीस ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं. काचबिंदू म्हणजे कडेकडेने दिसेनासं होतं, आणि माणसाला ते कळत नाही, कारण समोरचं लख्ख दिसत असतं. मला वाटायचं, न दिसणं म्हणजे काळोख. आता कळलं. काळोख तरी दिसतो माणसाला.

हे सगळे भाग मी बटणांच्या डबीत साठवलेत. शिवणताई म्हणते, "आजी, ही चोरीच झाली." म्हटलं, हो, पण माल घरातच आहे.

परवा हा रस्ता ओलांडत होता. मी खिडकीत होते. डावीकडून सायकल आली, वर मुलगी होती, तिने ब्रेक दाबला, पडली. याने तिला उचललं, सायकल सरळ करून दिली, आणि वर तिलाच म्हणाला, "बघून चालवत जा." ती म्हणाली, "काका, मी घंटी वाजवत होते, तुम्ही माझ्याकडे बघितलंत का तरी?" हा घरी येऊन मला म्हणाला, "आजकालच्या पोरी उलट बोलतात."  मी वर जाऊन शिवणताईला विचारलं, माझं एक पत्र लिहून देशील का.

थेंबांची बाटली कपाटात आहे, सील तसंच. घेतले तर लेक खरी ठरते, म्हणून घेत नाही. तू पत्रात लिहिलंस, जे गेलंय ते परत येत नाही, पण जे उरलंय ते राखता येतं, आणि रोजचा दिवस मोजावा लागतो. शिवणताईने ते दोनदा वाचून दाखवलं. मी सांगितलं तर म्हणेल, तूही तिच्याच बाजूची. डॉक्टरने सांगितलं तर म्हणेल, डॉक्टर तिच्याच धंद्यातला. तू फोन केलास तर हा उचलत नाही, घंटी वाजते आणि हा डिंकाकडे बघत बसतो.

पण घारे, एक सांगू? त्या गाडीशी हा खोटं बोलत नाही. तिथे खड्डा असेल तर खड्डा करतो, स्प्रिंग टोचत असेल तर टोचणारी स्प्रिंग करतो. याला कुणी पटवू शकलं तर ती गाडीच पटवेल. मला वाटतं, डबी आता उघडावी. तू रागावू नकोस, आणि घाबरूही नकोस. तुझा बाप चिडतो मोठ्याने, पण खरं असलं की ते त्याला फार वेळ टाळता येत नाही. माझ्यावर गेलाय.

शिवणताई म्हणते, जिना वाजला. पुरे.

आजी

२३ फेब्रुवारी

घारे,

तुला, आणि तुझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या त्या नर्सलाही आशीर्वाद. आज पुन्हा तुझा बाप लिहितोय. मी म्हटलं, आज कुंपण घालायचं नाही, आणि मी जे बोलेन त्यातलं गाळायचंही नाही. संध्याकाळी शिवणताईकडून वाचून घेणार आहे. म्हणाला, "गाळणार नाही." असा सरळ म्हणाला की मलाच जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

परवा दुपारी गाडी पूर्ण झाली, म्हणजे त्या डाव्या आरशावाचून. धूळ लावून झाली, पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड करून ब्रशने चाकांवर टेकवली. याने गाडी पाटीवर मधोमध ठेवली आणि मान वाकडी करून बघत बसला. मी सांगते तुला, मला रडू आलं असतं, पण तोंडात सुपारी होती. काचा भरलेली, कंबर मोडलेली, उन्हात उभी राहिलेली ती गाडी, हाताच्या पंजावर मावेल एवढी. आता दार उघडून हा उतरेल आणि म्हणेल, चहा टाक, असं वाटलं. माझ्या पोटचा पोरगा असलं काही करू शकतो, हे मला म्हातारपणी कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.

(लिहितोय बरं का. मान खाली घालून, पण लिहितोय. हे कुंपण मी, आजीने, घालायला सांगितलंय.)

मग मी डबी आणली आणि सगळं त्याच्या समोर, गाडीच्या पुढ्यात ओतलं. दोन्ही आरसे, वायपर, कडी, आणखी काय काय होतं ते.

याने एक आरसा बोटावर घेतला. मग म्हणाला, "कुठे मिळाले?"

"तुझ्या डाव्या कोपराशी."

"यातला कुठला?"

"सगळे."

"सगळे?"

"सगळे रे. रोज एखादा. मी उचलत होते."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. खुर्ची सरकवली त्याने. आणि बोलला काय, तर, "आई, इथे बस." मला डाव्या हाताला बसवलं. आरसा माझ्या हातात दिला. म्हणाला, "मी गाडीच्या नंबरप्लेटकडे बघतोय. मान हलवणार नाही. तू हा पाटीच्या कडेवरून हळूहळू आत सरकव. दिसला की सांगतो."

मी सरकवायला लागले. सरकवते, सरकवते.  मी म्हटलं, झोपलास का? "नाही. सरकव." आरसा जवळजवळ गाडीच्या चाकाला टेकला, तेव्हा म्हणाला, "आत्ता." तिथे त्याने पेन्सिलीने खूण केली. मग मला उजवीकडे बसवलं. तिकडे मी आरसा पाटीच्या कडेवर ठेवला न ठेवला तोच म्हणाला, "आहे." तिथेही खूण. मग पुन्हा डावीकडे, पुन्हा, पुन्हा. वरून, खालून. मी दमले. दर वेळी पेन्सिलीची खूण, दर वेळी तशीच. तू मशीनवर काढतेस तसलं चित्रच तयार झालं त्या पाटीवर, आणि मध्ये त्याची गाडी उभी.

त्याने पट्टी घेतली आणि गाडीपासून एकेक खूण मोजली.  

मग म्हणाला, "पोरीने लिहिलं होतं, त्याहून कमी झालंय."

मी म्हटलं, म्हणजे तिने खोटं नव्हतं लिहिलं.

म्हणाला, "मापाचं लिहिलं होतं."

त्याच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. स्वतःच्या गाडीलाही तो इतकं म्हणत नाही. आणि मी म्हणेन, हे असलं माप घेणं तू कुठून शिकलीस ते मला आता समजलं. तुम्ही दोघं एका लाकडाची. बापाने खड्डा होता तिथे खड्डा केला, आणि लेकीने कमी दिसत होतं तिथे कमी लिहिलं. दोघांनाही जरा बरं दिसेल असं करता आलं असतं. केलं नाही. मी तुम्हा दोघांच्या मध्ये बसून सुपारी चघळणारी बाई, पण मी सांगते, माझ्या घरात एवढी सच्ची माणसं आहेत याचा मला माज आहे. लिही रे, माज लिही. अभिमान नको, तो शाळेतला शब्द आहे.

लिहिलं.

त्याच संध्याकाळी त्याने कपाट उघडलं, सील तोडलं आणि मान वर करून बसला. म्हणाला, "आई, तू घाल, माझा नेम चुकतो." मी पहिला थेंब गालावर घातला, दुसरा नाकावर, तिसरा डोळ्यात. म्हणाला, "तुझेही तपासून घेऊ." बघ, लगेच उलट!

आता तो विचारतोय, पुढे काय लिहू. मी म्हटलं, माझं संपलं. पान अजून रिकामं आहे, असं म्हणतोय. म्हटलं, रिकामं आहे तर भर, मी चालले गॅलरीत, ऊन गेलं की माझे पाय आखडतात. काय लिहिशील ते मला वाचून दाखवू नकोस. शिवणताईलाही मी तेवढं पान दाखवणार नाही.

तुझी आजी

घारे,

आई बाहेर गेली आहे. तिचं सगळं जसंच्या तसं लिहिलं आहे.

सोमवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतोय. मशीनपाशी तू बस. दुसऱ्या कुणाकडून तपासून घेणार नाही. जे दिसेल ते लिही.

घ्यायला येशील तर स्टेशनच्या फाटकापाशी माझ्या उजव्या हाताला उभी राहा. डावीकडे राहिलीस तर मला दिसणार नाहीस.

बाबा